साण्यावरचा दगड

बाथरूमची ती वीतभर खिडकी लावायची की उघडी ठेवायची, एवढ्याशा गोष्टीपायी मी सकाळपासून दोनदा स्टुलावर चढले आणि दोनदा उतरले. सांगलीत परवापासून गारठा पडलाय. गॅसच्या गिझरची सफाई करायला आलेला माणूस जाताना बजावून गेला, "ताई, ही खिडकी कवाच लावू नका. गॅस आत कोंडला की बसल्या जागी माणूस जातंय. कळत बी न्हाई." तो जिना उतरतोय तोवर प्रकाश, म्हणजे माझा नवरा, टॉवेल गुंडाळून कुडकुडत बाहेर आला. "अगं, आई येणार ना तुझी? मग आधी ती खिडकी लाव. वारं नुसतं हाडात शिरतंय." म्हटलं तर दोघांचंही खरं. मी आपली स्टुलावर उभी, हात कडीवर आणि डोक्यात सगळा गोंधळ.

आई येणार, असं प्रकाश म्हणतो. मीही म्हणते. आई म्हणत नाही. तात्या, म्हणजे माझे वडील, जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून आई माण तालुक्यातल्या घरात बारा महिने एकटीच आहे. साठीची बाई, एक म्हैस, चार शेळ्या आणि ते मातीचं घर. निदान थंडीचे दोन महिने तरी तिनं माझ्याकडं यावं, एवढंच माझं मागणं. गेल्या वर्षी सरळ नाही म्हणाली. यंदा "बघू" म्हणालीय. आईचं 'बघू' म्हणजे हो की नाही, हे मला छत्तीस वर्षांत समजलेलं नाही.

तरी मी तयारीला लागले. पिंजाऱ्याकडून गादी पिंजून घेतली. तिच्या खोलीच्या खिडकीच्या फटीला रबराची पट्टी लावली. रजया गच्चीवर वाळत टाकल्या, त्यांवर कबुतरांनी आपला कारभार केला, मग त्या परत धुतल्या. आणि एवढं सगळं करून दुपारी खोलीत कोंदटल्यासारखं वाटलं की पट्टी लावलेली तीच खिडकी मी सताड उघडते. प्रकाश म्हणतो, तुझं काही खरं नाही. नसेलच. हिवाळा आला की घर बंद करायचं की उघडं ठेवायचं, हे मला एकाच हिवाळ्यात दोघांनी दोन प्रकारे शिकवलं. मग माझं काय खरं असणार?

आमचं घर म्हसवडच्या पुढं, चार-पाच कोसांवर. माळवदाचं. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, फळ्यांवर हातभर जाडीची पांढरी माती, असं सपाट छत. चुलीच्या जरा पुढं त्या छताला ताटाएवढं गोल भोक. त्याला साणं म्हणायचं. त्यातून धूर वर जायचा आणि ऊन खाली यायचं. सकाळी उन्हाचा गोल पहिल्यांदा भिंतीवर असायचा, मग सरकत सरकत पाट्यावर यायचा. तो पाट्यावर आला की माझी शाळेची वेळ व्हायची.

दसरा झाला की आई घर थंडीसाठी तयार करायला घ्यायची. पावसानं माळवदावर उगवलेलं गवत मुळासकट उपटायचं, घुशींची बिळं शोधायची, गाडीभर पांढरी माती आणून तिच्यात भुस्सा घालून पायानं तुडवायची आणि चिरा लिंपायच्या. ओल्या मातीचा तो थंडगार चिकट स्पर्श तळव्याला अजून आठवतो. वाकळा, म्हणजे गोधड्या, धुवायला आम्ही माणगंगेवर जायचो, तिथं पाणी नसलं तर विहिरीवर. भिजलेली वाकळ दोघींनी दोन टोकांना धरून पिळायची. पिळताना आई हमखास ओरडायची, "नंदे, जीव हाय का न्हाई गं हातात!" मग भिंतींना शेणमाती, दाराखालच्या फटीला गुंडाळलेलं पोतं, आडोशाला गोवऱ्यांची रास. आणि सगळ्यांत शेवटी साणं. गावातल्या बायका त्याच्यावर नुसती पाटी पालथी घालायच्या. आई चपटा दगड ठेवून कडेनं मातीनं लिंपून टाकायची. होळीपर्यंत घरात धूरच धूर. डोळे चोळत चोळत मी अभ्यास करायची. थंडी वाजते म्हणून बंद करायचं, असं आई सांगायची. मीही ते खरं धरून चालले होते.

तात्या फौजेत. माझ्यासाठी तात्या म्हणजे उन्हाळा. त्यांची वार्षिक सुट्टी नेहमी चैत्र-वैशाखात पडायची. त्या दिवसांत सगळेच माळवदावर झोपायचे, साण्याची आठवणसुद्धा कुणाला व्हायची नाही. ते मला चांदण्या दाखवायचे, पुढ्यात बसवून कॅन्टीनच्या बिस्किटांचा पुडा फोडायचे आणि मी त्यांच्याशी बोलायला सरावते न सरावते तोच ट्रंक भरायचे. हिवाळ्यातला माझा बाप मी तेराव्या वर्षापर्यंत पाहिलाच नव्हता. आईनंही लग्नाच्या पंधरा वर्षांत पाहिला नव्हता, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

मी तेरा वर्षांची असताना ते दसऱ्याच्या आधी आले, पेन्शनीवर. काळी ट्रंक आणि वळकटी खाली ठेवून म्हणाले, "झालं. आता कायमचा आलो." मी नाचले. आईनं पाणी दिलं, पण हसली की नाही ते सांगता येत नाही. पंधरा दिवसांत पुण्याहून पत्र आलं. जुन्या ओळखीच्या एका साहेबानं कारखान्याच्या गेटवर गार्डची नोकरी ठेवली होती, संक्रांतीनंतर हजर व्हा म्हणून. तात्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि भिंतीतल्या दिवळीत ठेवून दिलं. जाणार की राहणार, ते बोलले नाहीत. आईनं विचारलं नाही. मी मात्र रोज ते पत्र काढून वाचायची. त्यांनी राहावं असं मला वाटायचं. आणि पहाटे पाच वाजता ते शिट्टी मारून उठवायला लागले, की कधी एकदाची संक्रांत होतेय असंही वाटायचं. माझं मलाच कळेना.

थंडीची तयारी त्या वर्षी फौजी पद्धतीनं झाली. तात्यांनी वहीच्या पानावर यादी केली. 'वाकळ: सहा. पैकी फाटक्या: सहा.' धुतलेल्या वाकळांची घडी त्यांनी अशी चौकोनी घातली की आई लांबूनच बघत राहिली. ते वळल्यावर तिनं ती मोडून आपल्या पद्धतीनं घातली. पांढऱ्या मातीचा थर ते काडीनं मोजायचे. "चलो नंदा, काम पे!" म्हणायचे. आई तोंडाला पदर लावून माझ्याकडं बघायची. मला हसू यायचं आणि कुणाच्या बाजूनं हसावं ते समजायचं नाही.

मग साण्याची पाळी आली. आईनं माती भिजवली, दगड काढला. चुलीच्या बाजूची एक तुळई वाळवीनं पोखरली होती, म्हणून तिकडं वजनदार माणसानं जायचं नाही असा नियम होता. वर जायची मीच. मी शिडीवर पाय ठेवला आणि तात्या म्हणाले, "त्ये बंद करायचं न्हाई."

"आवं, थंडी लय पडती हितं," आई म्हणाली.

"पडू दे. दोन वाकळा पांघरू. भोक उघडं ऱ्हाईल."

"आजवर ऱ्हायलं न्हाई कवा."

"आता ऱ्हाईल."

मी शिडीवर मधेच. वर जाऊ का खाली येऊ? आई आत गेली आणि भांडी आदळायला लागली. तात्या बाहेर जाऊन गोवऱ्यांची रास मोजत बसले. भिजवलेली माती तिथंच वाळून गेली.

पुढं रोजच हे चालू झालं. दिवस मावळायला तात्या फिरायला निघाले की आई म्हणायची, "नंदे, जा, दगड ठिव." ते परत आले की मला बाजूला घेऊन विचारायचे, "नंदा, उघडं हाय न्हवं?" नाही म्हटलं की लगेच वर पिटाळायचे. चार दिवस मी शेळीच्या करडागत शिडीवरून वर-खाली केलं. पाचव्या दिवशी कंटाळून मी माझी अक्कल चालवली. दगड अर्ध्यावर सरकवला. अर्धं साणं बंद, अर्धं उघडं. आईला सांगितलं, "झाकलं." तात्यांना सांगितलं, "उघडं हाय." अंधार पडल्यावर खालून काही दिसत नसे, आणि सकाळी उजाडायच्या आत मी दगड पुरता बाजूला करून यायची. दोघंही निवांत झाली. जेवताना एकमेकांना ताकाचं भांडं सरकवायला लागली. मला वाटलं, मिटवलं मी! तात्या आता राहणार. एवढी हुशार मी त्याआधी कधी नव्हते आणि नंतर तर नाहीच नाही.

सिद्धनाथाची जत्रा दोन-तीन दिवसांवर आली होती. रविवार होता, शाळा नाही, म्हणून मी उजाडल्यावरही लोळत पडले आणि दगड अर्ध्यावरच राहिला. आई बाजरीच्या भाकरी करायला बसली होती. पिठानं भरलेली परात समोर. आणि वरून धप्पकन मांजर पडलं, थेट परातीत. पीठ उडालं, मांजर फिसकारत माझ्या अंगावरून पळालं. मी हसायला लागले. आईकडं बघितलं आणि माझं हसणं बंद झालं. तिच्या तोंडावर पीठ उडालं होतं, पण ती पांढरी पडली होती ती पिठानं नव्हे. ती वरच्या अर्धवट दगडाकडं बघत होती.

"रात्री उघडं हुतं?"

तिनं माझ्या थोबाडीत मारली. आईनं मला मारलं ते तेवढंच एकदा. मग बाहेर जाऊन घमेल्यात माती कालवली आणि स्वतः शिडी चढली, त्या पोखरलेल्या तुळईचा विचारही न करता. आरडाओरडा ऐकून तात्या गोठ्यातून आले आणि तिच्या मागोमाग तेही चढले. मी गाल धरून चुलीपुढं बसून राहिले. वरून मातीचे खडे पडत होते. साणं अर्धं उघडं होतं, त्यामुळं दोघांचा शब्द न् शब्द खाली येत होता.

"पोरीला का मारलीस? म्या सांगितलं हुतं तिला."

"आन म्या बंद कर म्हणलं हुतं. घर कुणाचं हाय?"

"माजं न्हाई व्हय?"

"हाय की. उन्हाळ्यात."

मग आई बोलायला लागली ती थांबलीच नाही. "हिवाळ्यातलं काय म्हाईत हाय तुमास्नी? नंदी चार वर्साची हुती. माळवदावर पावलं वाजाय लागली. तोंडावर माती पडली. म्हटलं मांजर आसंल. तर वरनं कुणीतरी खाकरलं. मग भोकातनं खडा टाकला. मग आणिक एक. हसत हुता वो त्यो मेला. म्या पोरीच्या तोंडावर हात ठिवला आन उजाडस्तवर विळा घिऊन बसले. सकाळी पाण्याला गेले, तर पारावरचा एक जण इचारतोय, झोप लागली का वैनी?"

"कोण त्यो?"

"आता कशाला? मेला त्यो बी."

"मला कळवायचं न्हाई व्हय?"

"तितनं काय करणार हुता तुमी?"

खरंच होतं. लिहा-वाचायला यायला लागल्यापासून त्यांची पत्रं मीच वाचून दाखवायची आणि आईची मीच लिहायची. दोन्हींत 'इकडे सर्व खुशाल' एवढंच असायचं. आता भाकरीचा उंडा हातात धरून मी वर बघत होते आणि काय ऐकतेय ते मला नीट उमगत नव्हतं. मग तात्यांचा आवाज आला, एवढा हळू की मी उठून साण्याखाली जाऊन उभी राहिले.

"म्या बी एक गोष्ट कळवली न्हाई. बर्फात हुतो तवा. पत्र्याची खोली, मधी राकेलची शेगडी. वर एक भोक ठेवल्यालं आसतं धुराला. त्यातनं लय गार वारं यायचं. म्या पोतं कोंबलं त्यात. म्याच. कुणी सांगितलं न्हवतं. आन ड्यूटीवर गेलो. दोन तासानं आलो तर आत निजल्यालं दोगं उठंनात. हलवतोय, हाका मारतोय. अंगं गरम हुती गं त्यांची."

"कुणाला म्हाईत हाय ह्ये?"

"न्हाई. आता तुला."

तव्यावरची भाकरी जळून काळी झाली तरी मी हलले नाही. बापाचा राग करावा, की आईची दया करावी, की दोघांना ओरडून खाली बोलवावं? मला एवढंच समजलं की ही दोघं पंधरा वर्षं एकमेकांना सांभाळत होती आणि त्यातच एकमेकांना अनोळखी झाली होती. हे शब्द आत्ताचे. तेव्हा मला नुसतं रडू येत होतं.

शेवटी आई म्हणाली, "उठा आता. तुळई मोडंल, आन दोगं बी चुलीत पडू."

खाली आल्यावर हाताची माती धुता धुता तिनं पहिल्यांदा त्या पत्राचं नाव काढलं. "पुण्याला जायचं का न्हाई तुमाला?"

"तू सांग."

"मला काय इचारता? तुमी घरात असला की मला काय बी सुचत न्हाई. नसला की झोप लागत न्हाई. येडी झालीया मी." मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, "जायचं तर जावा. पर हिवाळा काढून जावा."

तात्यांनी साहेबाला पत्र टाकलं. जागा फाल्गुनापर्यंत थांबली. म्हसवडच्या लोहाराकडून त्यांनी साण्यासाठी गजांची जाळी करून आणली. जत्रेच्या गडबडीत लोहारानं ती चौकोनीच केली आणि साणं तर गोल! चार दिवस घालवून तात्यांनी ती मातीत बसवली. आईनं दोन्ही हातांनी ओढून बघितली, लोंबकळायचीच काय ती बाकी राहिली होती. तरी एखाद्या संध्याकाळी ती गुपचूप जाळीवर पोतं टाकून यायची. तात्या गुपचूप काढून यायचे. दोघांना एकमेकांचं ठाऊक असायचं, पण त्यावरून भांडण झालं नाही. त्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा धुराशिवाय अभ्यास केला. थंडी मात्र कडाक्याची वाजली.

फाल्गुनात तात्या पुण्याला गेले. शेत, जनावरं सोडून आई जाणार नव्हतीच. पण तेव्हापासून त्यांनी आपली वर्षाची रजा मार्गशीर्ष-पौषात घ्यायला सुरुवात केली. गाव हसायचं. लोक पेरणीला येतात, लग्नसराईला येतात, हा गडी गारठ्यात येतोय! ते यायचे, दोघं मिळून उरलेल्या चिरा लिंपायची, वाकळा उन्हात टाकायची, शेकोटीपुढं हरभऱ्याचे घाटे भाजत कुजबुजायची. मी जवळ गेले की गप्प व्हायची. एकवीस वर्षं हे असंच चाललं. माझा उन्हाळ्यातला बाप मात्र गेला तो गेलाच. माळवदावर चांदण्या दाखवायला पुन्हा कुणी आलं नाही. मला त्याचा राग होता का? होता. आईला तिचा नवरा मिळाला म्हणून आनंद होता का? तोही होता. दोन्ही अजून तसंच आहे, मला ते वेगवेगळं करता येत नाही. दोन वर्षांपूर्वी वैशाखात, पुण्यातच, गेटजवळच्या खुर्चीत बसल्या बसल्या तात्या गेले.

आज दुपारी आईचा फोन आला.

"पांढरी आणली गं गाडीभर. गवत उपटून झालं. वाकळा धुतल्या, त्या वाळत्यात."

"आई, कशाला हे सगळं? दोन महिने इकडंच तर राहायचंय. गादी नवी केलीय मी तुझ्यासाठी."

"मी कवा म्हणले येते म्हणून?"

"अगं, बघू म्हणालीस ना?"

"बघितलं की मग." थोडी थांबली. "उन्हाळ्यात येते नंदे. म्हयनाभर ऱ्हाते, तू म्हणशील तेवढं ऱ्हाते. पर हिवाळ्यात न्हाई."

मला रागच आला. "का पण? थंडीत तिथं एकटी काय करणारेस?"

"एकटी कुटं?" आई म्हणाली. "तवा त्यांची सुट्टी असती."

तिला काही विसर पडलेला नाही. तात्यांना पुण्याहून घरी आणलं तेव्हा त्यांच्या तोंडात शेवटचं पाणी तिनंच घातलंय, मी शेजारी होते. मग काय बोलायचं? तिला समजावायचं की स्वतःला? पलीकडून म्हशीचं ओरडणं ऐकू आलं. मग तिनं नेहमीच्याच आवाजात विचारलं, "ठिवू का? माती भिजवलीया, वाळून जाईल."